तालुका म्हणजे नातं

बदलापूरच्या माणसाचा सरकारी पत्ता कधी नीट वाचून पाहा. शहर कुळगाव-बदलापूर, तालुका अंबरनाथ, प्रांत कचेरी उल्हासनगर, जिल्हा ठाणे, विभाग कोकण. पोलीस ठाणं आहे ठाणे शहर आयुक्तालयाच्या हाताखाली. आमदार निवडायचा तो मुरबाड मतदारसंघातून आणि खासदार भिवंडीतून. शेजारच्या अंबरनाथचा माणूस मात्र खासदार कल्याणचा निवडतो. लोकलने काही मिनिटांचं अंतर. एकाच गाडीत, एकाच डब्यात ही दोन माणसं रोज उभी असतात, आणि सरकारी कागदावर त्यांची दुनिया वेगवेगळी असते. याच गाडीने वांगणी सोडून शेलू गाठलं की जिल्हाही बदलतो. वांगणी ठाणे जिल्ह्यात, शेलू रायगडात. खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला तीच भातखाचरं दिसतात आणि तोच डोंगर दिसतो.

या रेषा कुणी आखल्या, कशासाठी आखल्या आणि त्यांच्या आत-बाहेर राहणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं, हा खरं तर इतिहासाचा विषय आहे. पण इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया आणि राजे येतात. कचेरीतला नकाशा आणि त्यावरची रेघ आपण इतिहासात धरत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही एका रांगेतली तीन शहरं मात्र याच रेघांनी घडवली आहेत, आणि काही वेळा बिघडवलीही आहेत.

आधी शब्दांकडे पाहू. 'जिल्हा' हा शब्द अरबीतल्या 'ज़िलअ'वरून आला. त्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू. 'तहसील' म्हणजे गोळा करणं, वसुली. 'मौजे' म्हणजे ठिकाण. 'हद्द'ही अरबीच. आणि 'तालुका'? तो 'तअल्लुक'वरून आला. उर्दू कवितेचा ज्यांना थोडाफार नाद आहे त्यांना हा शब्द ठाऊक असतो. तअल्लुक म्हणजे संबंध, नातं. दोन माणसांत जे असतं ते. आता गंमत अशी, की तहसील आणि तालुका हे दोन शब्द आपण एकाच गोष्टीसाठी वापरतो. एक शब्द सांगतो, इथून वसुली करायची आहे. दुसरा सांगतो, इथं नातं आहे. आपल्या प्रशासकीय विभागांचा सारा इतिहास म्हणजे या दोन शब्दांमधली ओढाताण आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

फार जुन्या काळी विभाग गावांच्या संख्येनं ओळखले जात. अंबरनाथचं शिवमंदिर आपल्या परिचयाचं आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हा काळ येतो आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचं नाव येतं. उत्तर कोकणच्या या शिलाहारांच्या लेखांत त्यांच्या मुलखाचं वर्णन पुरी आदी करून चौदाशे गावं, असं केलेलं आहे. राज्य केवढं, तर चौदाशे गावांचं! ठाणे-मुंबईकडची साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. गोव्यात तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, बारदेश म्हणजे बारा देश, आणि तिथलीही एक सासष्टी. ही नावं गोव्याच्या तालुक्यांना आजही आहेत. आधी गावं होती, मग कुणी तरी ती मोजली आणि त्या आकड्याचं नाव झालं. गावांमुळे विभाग होता, विभागामुळे गाव नव्हतं.

सुलतानशाहीत परगणा, तर्फ, महाल, सुभा हे शब्द रुळले. कल्याणचा परगणा निजामशाहीतून आदिलशाहीत गेला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांनी करवून घेतला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. एका राज्यकर्त्याला कारभाराच्या भाषेचं महत्त्व इतकं वाटलं, हे मोठंच. तरीही परगणा, तर्फ, मौजे हे शब्द पेशवाईच्या दफ्तरात टिकले आणि तालुका, जिल्हा आपल्या तोंडात आजही आहेत. शेतकऱ्याला त्या शब्दांचं कूळ ठाऊक नसतं, ठाऊक असण्याचं कारणही नसतं. दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी वापरून वापरून ते शब्द त्याचे झालेले असतात. 'मी तालुक्याला जाऊन येतो' हे वाक्य अस्सल मराठी आहे.

१८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांचा कलेक्टर आला. त्याच्या पदाचं नावच सांगतं की तो गोळा करायला आला होता. उत्तर कोकणच्या या मुलखाला १८३३ मध्ये ठाणे जिल्हा हे नाव मिळालं. पुढे त्यातून तुकडे निघत राहिले. १८६९ मध्ये कुलाबा वेगळा झाला. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा केला. कर्जत हा एके काळी ठाण्याचा तालुका. तो नंतर कुलाब्याला जोडला गेला. त्या कुलाब्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं. वांगणी आणि शेलूच्या मधली अदृश्य भिंत ही अशी उभी राहिली. दोन्हीकडच्या गावांनी ती मागितली होती असं नव्हे. कलेक्टरच्या कामाच्या सोयीनं ती तिथं आली.

इथवरच्या रेषा तशा निरुपद्रवी होत्या. पण एक प्रशासकीय रेषा अशी होती की तिनं या परिसराचं रूपच पालटून टाकलं. आणि ती आखली गेली शेकडो मैल दूर.

इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. म्हणजे कराची, हैदराबाद, शिकारपूर हे जिल्हे आणि आपला ठाणे जिल्हा एकाच इलाख्यात, एकाच गव्हर्नरच्या हाताखाली जवळजवळ नव्वद वर्षं होते. कराचीचं कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. तिथला विद्यार्थी मुंबईची पदवी घेई. सिंधला स्वतःचा कमिशनर होता, पण शेवटचा शब्द मुंबईचा. साहजिकच तक्रार होती: मुंबई फार दूर आहे, तिथं आमचं कुणी ऐकत नाही. १९१३ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन कराचीत भरलं. स्वागताध्यक्ष हरचंदराय विशनदास यांनी सिंधच्या वेगळेपणाचा मुद्दा तिथं मांडला. ते हिंदू होते. म्हणजे सुरुवातीला ही मागणी अमक्या धर्माची आणि तमक्या धर्माच्या विरुद्ध, अशी नव्हती. कचेरी जवळ हवी, आपल्या भाषेत कारभार हवा, एवढीच ती होती. पुढच्या वीस वर्षांत तिचा रंग बदलला. सिंधमध्ये मुसलमान बहुसंख्य, मुंबई इलाख्यात हिंदू. एका बाजूला ती मुस्लिम राजकारणाची मागणी झाली. १९२९ मध्ये जीनांच्या चौदा मुद्द्यांत ती आली. दुसऱ्या बाजूला सिंधी हिंदूंना तिची भीती वाटू लागली. अखेर १ एप्रिल १९३६ रोजी सिंध मुंबईपासून वेगळा होऊन स्वतंत्र प्रांत झाला.

तेव्हा ती एका देशाच्या पोटातली रेषा होती. अकरा वर्षांनी फाळणी झाली आणि तिच्याबाजूनंच दोन देशांची सरहद्द आली. पंजाब आणि बंगाल हे प्रांत मधोमध चिरले गेले, त्यामुळे पंजाबी आणि बंगाली निर्वासिताला निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत भारतात मिळाला. सिंधची फाळणी झालीच नाही. तो अख्खाच्या अख्खा तिकडे गेला. इकडे येणाऱ्या सिंधी माणसाला आपला म्हणता येईल असा एक तालुकाही इथं उरला नव्हता. कुणीही त्यांना घालवण्यासाठी १९३६ ची रेषा आखली नव्हती, हे मान्य. पण रेषा एकदा कागदावर आली की तिचा उपयोग पुढे कोण कशासाठी करील, हे आखणाऱ्याच्या हातात राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपल्यावर बराकी रिकाम्या पडल्या. १९४७ पासून त्यांत सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली. ज्या मुंबई इलाख्यात त्यांच्या आजोबा-पणजोबांचा जिल्हा मोडत होता, त्याच इलाख्यात ती निर्वासित म्हणून परतली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथं नव्या वसाहतीची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं.

साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, हे आपण पाहिलं. उल्हासनगरचे विभागही आकड्यांनीच ओळखले जातात: कॅम्प नंबर एक ते पाच, आणि त्यांच्या पोटात सेक्शन. पण फरक केवढा! साष्टीचा आकडा नांदत्या गावांचा होता. कॅम्पचा आकडा लष्कराच्या हिशेबाचा. तिथं आधी रेषा होती, बराक होती, नंबर होता. माणसं नंतर आली. आणि आल्यावर त्यांनी काय केलं? त्या नंबरांतच घर केलं. गोल मैदान, सतरा सेक्शन, जपानी बाजार अशी नावं पडली, दुकानं उघडली, शाळा-कॉलेजं निघाली, मंदिरं आणि दरबार उभे राहिले. पंचाहत्तर वर्षं उलटली, तरी 'कुठं राहता?' या प्रश्नाला 'कॅम्प चारला' हेच उत्तर मिळतं. छावणी हे तात्पुरत्या मुक्कामाचं नाव. या शहरानं तेच कायमच्या घराचं नाव केलं.

पण नाव मिळालं म्हणजे जमीन मिळत नाही. निर्वासितांना राहती जागा देण्यासाठी १९५४ मध्ये केंद्राचा भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. त्याखाली लोकांना सनदा मिळू लागल्या. त्या सनदांचा, मोकळ्या भूखंडांचा आणि वाढीव बांधकामांचा गुंता पुढची कित्येक वर्षं सुटला नाही. बराकीला खोली, खोलीवर मजला, मजल्यावर इमारत. शेवटी २००६ मध्ये केवळ या एका शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला. एका शहरासाठी एक कायदा! आधी रेषा आणि मग माणसं, या उलट्या क्रमाची ही किंमत होती.

आता नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या रेषांकडे येऊ. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि अवतीभवतीची गावं तिच्यात घातली गेली. उल्हासनगर तेवढं बाहेर राहिलं. नकाशा डोळ्यांपुढे आणा. कल्याणनंतर उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. म्हणजे मधलं शहर महापालिकेच्या बाहेर आणि त्याच्या पलीकडची दोन शहरं आत! बदलापूरच्या माणसानं नळाची तक्रार घेऊन महापालिकेच्या मुख्य कचेरीत जायचं, तर मधलं एक परकं शहर ओलांडून कल्याण गाठायचं. ही व्यवस्था नऊ वर्षं चालली. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपालिका वेगळ्या झाल्या. १९९६ मध्ये उल्हासनगरची स्वतःची महानगरपालिका झाली. कल्याण-शीळ बाजूची सत्तावीस गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली अठरा वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयानं रद्द केला. या गावांतल्या चाळीस वर्षांच्या माणसानं घर न बदलता किती गावं बदलली, त्याचा हिशेब त्याला तरी ठेवता येईल का?

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. आग्नेय आशियात गेलात तर तिथल्या विभागांची नावं ऐकून घरी आल्यासारखं वाटेल. इंडोनेशियात खेड्याला 'देसा' म्हणतात. आपला देश तिथं जाऊन गाव झाला. मलेशियात घटक राज्याला 'नेगरी' म्हणतात. आपली नगरी तिथं राज्य झाली. त्याच मलेशियात जिल्ह्याला 'दाएराह' म्हणतात, म्हणजे अरबी दायरा, वर्तुळ. आणि त्याखालच्या विभागाला 'मुकिम', म्हणजे मुक्काम करून राहणारा. संस्कृत आणि अरबी तिथंही एकाच सरकारी कागदावर नांदतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. फिलिपिन्समध्ये सर्वांत लहान विभागाचं नाव 'बारांगाय'. हा शब्द होडीच्या नावावरून आला. होडीतून आलेल्या माणसांची वस्ती ती बारांगाय. आपला कॅम्प आठवतो, नाही का?

पण त्या देशांतही वरून रेघा मारण्याचे प्रयोग झाले. इंडोनेशियाच्या सरकारनं १९७९ मध्ये कायदा करून देशभरातल्या खेड्यांना एकच साचा ठरवून दिला. पश्चिम सुमात्रात मिनांगकाबाऊ लोकांचं गाव म्हणजे 'नगारी'. कुळं, सामायिक जमीन आणि वडीलधाऱ्यांची सभा यांवर ते उभं होतं. साच्यात बसवायचं म्हणून त्या नगाऱ्यांचे तुकडे केले गेले. कागदावर गावांची संख्या वाढली, पण ज्यांच्यामुळे गाव चालत होतं ती नाती विस्कटली. १९९९ नंतर सत्तेचं विकेंद्रीकरण झालं, तेव्हा तिथल्या लोकांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर आपली नगारी परत आणली. आपल्याकडे अंबरनाथ-बदलापूरनं १९९२ मध्ये स्वतःची नगरपालिका मिळवली, ती याच जातीची गोष्ट.

मग लहान विभाग तेवढे चांगले आणि मोठे वाईट, असं समजायचं का? तेही खरं नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकवस्तीचा जिल्हा होता. एक कोटी दहा लाखांवर माणसं. मोखाड्याच्या, जव्हारच्या आदिवासी माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला यावं लागे. १ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुके घेऊन पालघर जिल्हा वेगळा झाला. ही विभागणी न्यायाची होती. उरलेल्या ठाण्यात सात तालुके राहिले, त्यांत उल्हासनगर आणि अंबरनाथही. दोन्ही एके काळच्या कल्याण तालुक्यातूनच निघाले. २०११ मध्ये उल्हासनगर शहराची लोकसंख्या होती ५,०६,०९८ आणि उल्हासनगर तालुक्याचीही तेवढीच. एक शहर म्हणजेच एक तालुका.

आणि दुसरीकडे वालधुनी नदीचं पाहा. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरात ती उगम पावते, शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरच्या वस्तीतून जाते आणि कल्याणला खाडीला मिळते. नदी एक, पण तिच्या काठावर अंबरनाथची नगरपालिका, उल्हासनगरची महानगरपालिका, कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका आणि औद्योगिक विकास महामंडळ. अंबरनाथच्या हद्दीत जे सोडलं जातं ते उल्हासनगरच्या नाकाशी येतं. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर वालधुनीत रसायन सोडलं गेल्यामुळे उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला, त्यांना रुग्णालयांत न्यावं लागलं. तेव्हा हद्द कुणाची, हा प्रश्न गुदमरणाऱ्या माणसाच्या काय कामाचा? २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, सुमारे हजारभर प्रवासी पाण्यानं वेढले गेले. एनडीआरएफ आली, नौदल आलं आणि आसपासच्या गावांतले लोकही धावले. गाडी कुठल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभी आहे, हे त्या लोकांनी विचारलं नाही.

म्हणून विभाग लहान की मोठा, यापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तो तहसील आहे की तालुका? म्हणजे, रेघ मारताना वसुलीची आणि मतांची सोय पाहिली, की माणसांचं नातं पाहिलं? कचेरीपर्यंत पोचायला म्हातारीला किती पायपीट करावी लागेल, नदीची जबाबदारी एकाच्या अंगावर येईल की चौघांत वाटून नाहीशी होईल, पोरांची शाळा आणि बाजार कोणत्या बाजूला राहतील, हे पाहिलं का? या तीन शहरांत २०११ मध्ये मिळून नऊ लाख तेहतीस हजारांवर माणसं होती. तेव्हापासून त्यांत किती भर पडली ते बदलापूरच्या फलाटावर सकाळी उभं राहिलं की कळतं. जनगणनेच्या वेळी हद्दी गोठवतात, आणि ती उरकली की नव्या तालुक्यांच्या, नव्या महापालिकांच्या, नव्या मतदारसंघांच्या गोष्टी पुन्हा निघतात. त्या याही वेळी निघतील.

तालुक्याच्या किंवा महापालिकेच्या हद्दीत बदल करायचा तर सरकारला आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हा कायदा आहे. ती अधिसूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात येते आणि आपण पान उलटतो. १९३६ ची रेषा आखताना कराचीच्या किंवा शिकारपूरच्या सामान्य माणसाला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला निदान विचारतात. 'हरकत' हाही अरबीच शब्द आणि त्याचा मूळ अर्थ हालचाल. मराठीत येऊन तो विरोध झाला. पुढच्या वेळी तो बारीक टाइप दिसला, तर चष्मा पुसून वाचा, आणि गरज वाटली तर दोन्ही अर्थांनी हरकत घ्या.